पाणथळीवर दाब कोणाचा?

पाणथळ जमिनींवर माणसांचा दाब वाढत आहे, हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते वाचताना कोणी थांबत नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाविषयी लिहिताना तर ते हटकून येते. लोकसंख्या वाढली, गुरे वाढली, लोकांनी दलदलीत कुदळ घातली, नदीकाठची झाडे तोडली, मासे ओरबाडून नेले. म्हणून ओल आटली आणि माती वाहून गेली, अशी ही मांडणी असते. मी भूगोल शिकवतो. माझ्या विषयाच्या पुस्तकांत हे वाक्य असते आणि परीक्षेत त्यावर टीपही विचारली जाते. त्यातला 'माणसांचा' हा शब्द मला खटकतो. कोणत्या माणसांचा? ज्याच्याकडे तीन हजार एकर आहेत तोही माणूस आणि ज्याच्याकडे तीन एकर आहेत तोही माणूसच. दोघांची बेरीज करून एकच आकडा मांडला की हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो. पण तीन एकरवाला दलदलीत का उतरला, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

या लेखात मला त्या 'का'चा शोध घ्यायचा आहे. त्यासाठी मी झांबेझी नदीच्या खोऱ्यातील तीन ठिकाणे निवडली आहेत: झिम्बाब्वेच्या पठारावरील ओल, करिबा धरणाखाली गेलेला नदीकाठ, आणि झांबियातील काफुए नदीचे पूरमैदान. अधूनमधून दक्षिण आफ्रिका या देशाच्या कायद्यांकडेही वळावे लागेल. कारण त्या भागात जमीन आणि पाणी यांची वाटणी कशी करायची याचा नमुना तिथेच घडला.

आधी ही ओल म्हणजे काय ते समजून घेऊ. झिम्बाब्वेच्या पठारावर नोव्हेंबर ते मार्च एवढाच पाऊस. पुढचे सात महिने कोरडे. पठाराचा मोठा भाग कातळाचा आणि त्यावर वाळूमिश्रित माती. चढावर पडलेले पाणी या मातीत मुरते आणि जमिनीच्या पोटातून हळूहळू उताराकडे सरकते. उताराच्या तळाशी जिथे उथळ, पसरट दरी असते तिथे चिकणमातीचा थर त्याला अडवतो आणि पाणी वर येते. तिथे झाड वाढत नाही, गवत वाढते. पावसाळ्यात ही जागा चिबड होते. उन्हाळ्यातही हातभर-दोन हात उकरले की पाणी लागते. तिला 'डाम्बो' म्हणतात. शोना लोक 'मातोरो' म्हणतात. नद्यांचे उगम अशाच ठिकाणी असतात. झिम्बाब्वेत अशी सुमारे १३ लाख हेक्टर जमीन असल्याचा अंदाज १९८०च्या दशकात अभ्यासकांनी केला होता.

पाऊस दगा देणाऱ्या प्रदेशात अशी जागा म्हणजे गावाची पुंजी. शोना शेतकरी तिथे पूर्वीपासून बागा करत. पाणी साचते तिथे भात, थोडे वर मका, उंचवट्यावर भाजी, ओलसर कडेला 'मधुंबे', म्हणजे आपली अळकुडी. मातीचे वरंबे रचायचे, मध्ये सऱ्या ठेवायच्या, जास्तीचे पाणी सरीत उतरू द्यायचे आणि वरंब्यावर पीक घ्यायचे. नांगर नाही, खोल चर नाही. या बागा बहुतेक बायका कसत. दुष्काळात वरच्या शेतातले पीक करपले तरी बागेतले काहीतरी हाती लागे. म्हणजे ज्याला आज पाणथळीवरचा दाब म्हणतात, ती मुळात दुष्काळाशी केलेली तोंडमिळवणी होती.

१८९० मध्ये गोरे वसाहतवाले या पठारावर आले. त्यांनीही ही ओल हेरली. कोरड्या ऋतूत गहू घ्यायचा तर ओलीइतकी चांगली जागा नाही. पण त्यांची पद्धत वेगळी होती. पाणी काढून टाकण्यासाठी त्यांनी खोल चर खणले आणि मोठ्या पट्ट्यांवर नांगर चालवला. चरांतून पाणी जोराने धावले, चरांच्या घळी झाल्या, घळींनी भूजल खाली ओढून नेले. ओल कोरडी पडली. हे नुकसान सरकारच्या ध्यानात आले आणि मग कायदे झाले. दक्षिण ऱ्होडेशियाचा १९२७ चा पाणी कायदा, १९४१ चा नैसर्गिक साधनसंपत्ती कायदा आणि १९५२ चे नदीकाठ संरक्षण नियम, अशी ही साखळी. ओलीत आणि ओढ्यानदीच्या काठापासून ठराविक अंतराच्या आत पीक घेणे यामुळे गुन्हा ठरले. घळी गोऱ्यांच्या चरांनी पाडल्या होत्या. मनाई मात्र बायकांच्या वरंब्यांपर्यंत पोचली.

कायदा सगळ्यांना सारखाच होता, असे यावर कोणी म्हणेल. कागदावर तो सारखाच होता. पण कायदा ज्या जमिनीवर उतरतो ती जमीन सारखी नव्हती. १९३० च्या भूमी वाटप कायद्याने दक्षिण ऱ्होडेशियाच्या सुमारे ९ कोटी ६० लाख एकर जमिनीपैकी ४ कोटी ९० लाख एकर, म्हणजे अर्ध्याहून थोडी अधिक, गोऱ्यांसाठी राखली. गोरे होते साधारण पन्नास हजार. दहा लाखांच्या घरातल्या काळ्या लोकांना राखीव क्षेत्रे आणि विकत घ्यायची क्षेत्रे धरून एकूण तीस टक्क्यांच्या आसपास जमीन मिळाली, आणि तीही बरीचशी हलक्या वाळूची, कमी पावसाची, रेल्वेपासून लांबची. गोऱ्या शेतकऱ्याकडे लाल कसदार माती होती, बोअर होते, बंधारे बांधायला बँकेचे कर्ज होते. ओलीत पीक घ्यायचे नाही म्हटल्यावर त्याचे अडत नव्हते. तो तिथे गुरे सोडत होता. राखीव क्षेत्रातल्या माणसाकडे पाण्याचे दुसरे साधनच नव्हते. त्यातही देशातल्या एकूण डाम्बोंपैकी या लोकांच्या वाट्याला आले होते जेमतेम पाचवा हिस्सा. एकच नियम दोघांना लावला, पण एकाचे त्याने कुरण राखले आणि दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतले.

१९२७ या सालाची आठवण आपल्या वाचकाला करून द्यायला नको. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. जात आणि वंश या वेगळ्या रचना आहेत. महाडला पाणी सार्वजनिक होते आणि ते घेणारा हात विटाळाचा ठरवला होता. ऱ्होडेशियात पाणी पायाखाली होते आणि कुदळ गुन्हेगार ठरवली होती. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याची पायरी बंदच राहिली. कागदावरची समानता आणि पाण्याजवळची विषमता यांतले हे अंतर आपण अनुभवाने ओळखतो. म्हणूनच 'कायदा सगळ्यांना सारखाच' हे उत्तर आपल्याला पुरत नाही.

आता दाब तयार कसा होतो ते पाहा. जमिनीभोवती रेघ मारली. रेघेच्या आतली माणसे वाढत गेली. बाहेरून हुसकलेलीही आतच आणून टाकली. पूर्वी जमीन दमली की ती पडीक ठेवून लोक पुढे सरकत. आता सरकायला जागा उरली नाही. त्याच शेतात वर्षानुवर्षे पीक, त्याच माळावर गुरे. माती वाहू लागली. मग शेतखात्याचे लोक आले आणि म्हणाले, या लोकांना शेती कळत नाही. बांध घालण्याची सक्ती झाली. १९५१ च्या कायद्याने गुरांची संख्या ठरवून दिली आणि जास्तीची विकायला लावली. दक्षिण आफ्रिकेतही हेच घडले होते. १९१३ च्या कायद्याने तिथल्या बहुसंख्य काळ्या जनतेला देशाची सुमारे सात टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरले. त्या तुकड्यांत ट्रान्सकाय, सिस्काय भागात घळी पडल्या, तेव्हा त्यांचे फोटो काढून काळ्या शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून दाखवले गेले. रेघ फोटोत येत नाही.

पाण्याचा कायदाही जमिनीच्या मागोमाग चालला. दक्षिण आफ्रिकेच्या १९५६ च्या पाणी कायद्यात नदीला लागून ज्याची जमीन त्याला पाण्याचा हक्क, हे तत्त्व होते. ज्याला जमीनच घेता येत नव्हती त्याचा पाण्याशी संबंध तिथेच संपला. ऱ्होडेशियात आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क आधी, असा क्रम होता. दुष्काळात पाणी कमी पडले की जुन्या तारखेच्या हक्कदाराने आधी घ्यायचे. अर्ज कोणी आधी केले असतील हे सांगायला नको. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा काळा शेतकरी डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी पाही, आणि ते खालच्या कोणाच्या तरी नावावर पन्नास वर्षांपूर्वीच लिहिलेले असे.

या सगळ्याला लोक निमूट शरण गेले असे नाही. १९६०च्या दशकात झिम्बाब्वेच्या गावागावांतून सक्तीचे बांध मोडून मनाला येईल तिथे नांगरण्याची लाट आली. तिला लोक 'कुरिमा मादिरो', म्हणजे मोकळी शेती, म्हणत. तिने जमिनीचे भले केले असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आपल्याच शेतात काय करावे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, त्याचे ते राजकारण होते.

दुसरा मार्ग झेफानिया फिरी मसेको यांचा. १९२७ मध्येच जन्मलेला हा माणूस झ्विशावानेजवळच्या कोरड्या भागातला. रेल्वेत नोकरी होती. सरकारविरोधी राजकारण केले म्हणून १९६४ मध्ये ती गेली. हाती उरली ती कुटुंबाची तीनेक हेक्टर जमीन. वर उघडा कातळ, मधे धुपलेला उतार, तळाशी ओल. पावसात कातळावरून पाणी कसे धावते हे ते बघत बसत. मग त्यांनी कातळाच्या पायथ्याशी दगडांच्या बुटक्या ओळी रचल्या, पाणी साठवायला आणि मुरवायला खड्डे खणले. सरकारी बांधांचे चर पाणी शेताबाहेर वाहून नेत. फिरींनी त्या चरांतच खोल खड्डे काढले, म्हणजे पाणी पळण्याऐवजी जिरू लागले. वर मुरवलेले पाणी तळाशी ओलीत उपळले. तिथे त्यांनी विहिरी केल्या, तळी केली, मासे सोडले, केळी लावली, काठाने वेत आणि बोरू राखला. पाऊस पेरायचा, अशी त्यांची भाषा होती. ओलीत शेती केली म्हणून सरकारने त्यांना कोर्टात उभे केले. १९७०च्या दशकात राजकारणापायी त्यांना कैद आणि छळ सोसावा लागला. पुढे हीच शेती पाहायला देशोदेशीचे लोक येऊ लागले. २००६ मध्ये आफ्रिकेतील निसर्गसंवर्धनासाठीचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. २०१५ मध्ये ते वारले.

फिरींची गोष्ट मी चमत्कार म्हणून सांगत नाही. तिच्यातले भूगोलाचे सूत्र साधे आहे: ओल तळाशी दिसते, पण ती वरच्या उतारावर तयार होते. वरचे पाणी मुरवले तर खाली बाग करूनही ओल टिकते. वरचे पाणी पळाले तर खाली कुदळ न लावताही ओल मरते. कायदा मात्र फक्त तळाकडे बघत होता, कारण तळाशी माणूस सापडत होता.

आता पठारावरून खाली झांबेझीच्या दरीत उतरू. इथे ओलीचा प्रकार वेगळा. नदीला पूर येई, ओसरताना काठावर गाळ सोडून जाई. आपल्याकडे जिला गाळपेर म्हणतात तशी शेती ग्वेम्बे टोंगा लोक या मळीच्या जमिनीत करत. पावसाचे एक पीक आणि पूर ओसरल्यावर दुसरे. १९५५ ते १९५९ या काळात करिबाच्या घळईत १२८ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. जागतिक बँकेने १९५६ मध्ये त्यासाठी आठ कोटी डॉलर कर्ज दिले. वीज हवी होती उत्तरेच्या तांब्याच्या खाणींना आणि दक्षिणेच्या गोऱ्या उद्योगाला. जलाशय झाला सुमारे २८० किलोमीटर लांबीचा. दोन्ही काठांवरचे सुमारे ५७ हजार टोंगा लोक उठवले गेले. पुष्कळांना नदीपासून दूर, कोरड्या आणि खडकाळ जमिनीवर नेऊन सोडले. चिसोमो गावच्या लोकांनी हलायला नकार दिला. १० सप्टेंबर १९५८ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. भाले घेऊन उभ्या असलेल्या गावकऱ्यांपैकी आठ जण ठार झाले.

पाणी चढू लागले तेव्हा बेटांवर अडकलेली जनावरे वाचवण्याची मोहीम निघाली. तिला बायबलमधल्या नोहाचे नाव दिले गेले. सहा हजारांच्या आसपास प्राणी होडीतून, दोरखंडांनी, प्रसंगी पोहत किनाऱ्याला आणले. जगभर तिची छायाचित्रे छापली गेली, चित्रपट निघाले. जनावरे वाचली हे चांगलेच झाले. त्या मोहिमेतल्या माणसांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण चिसोमोच्या आठ मृतांची नावे जगाला माहीत नाहीत. वाचवण्याजोगे काय आणि हलवण्याजोगे काय, हे आधीच ठरलेले होते. पुढे या लोकांच्या डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या आणि खाली त्यांच्या झोपड्यांत वर्षानुवर्षे अंधार राहिला. नव्या जागेत त्यांनी रान तोडले, उतारावर नांगरले, माती वाहिली. आणि अहवालात ओळ आली: जलाशयाभोवती मानवी दाब वाढत आहे.

तिसरे ठिकाण काफुए. झांबियातील या नदीचे पूरमैदान सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरचे. पूर ओसरला की उघड्या पडणाऱ्या कुरणात इला आणि टोंगा लोक गुरे उतरवत. बाट्वा लोक मासेमारी करत. पाण्याच्या कडेकडेने काफुए लेच्वे नावाचे हरीण चरे, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. कोणी कुठे, कधी आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे, कुरणात कोणी आधी उतरायचे, याचे नियम होते आणि ते गावचे मुखिया सांभाळत. वसाहतीच्या सरकारने मासे आणि शिकार आपल्या खात्यांकडे घेतली. मुखियाचा अधिकार गेला, खात्याचे माणूस क्वचित येई. १९७२ मध्ये मैदानाच्या खालच्या तोंडाशी काफुए घळईचे धरण झाले, १९७८ च्या सुमारास वरच्या तोंडाशी इतेझी-तेझीचे. वीजनिर्मितीला पाणी बाराही महिने सारखे हवे. पूरमैदानाला ते चढउतारात हवे. आता काही भाग कायमचा बुडाला, काही भागात पूर पोचेनासा झाला. माशांची वीण पुरावर अवलंबून, कुरण पुरावर अवलंबून. लेच्वेंची संख्या १९७०च्या दशकातल्या निम्म्याहून खाली आली.

त्याच सुमारास, १९७५ च्या आसपास, जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला. झांबियाचे पोट तांब्यावर होते. खाणीतली आणि शहरातली कामे गेली, तसे लोक जाळी घेऊन काफुएकडे वळले. त्यांना तिथले नियम ठाऊक नव्हते आणि ते पाळायला लावणारे कोणी उरले नव्हते. हा दाब खरा होता, दिसत होता. पण तो काफुएच्या काठी जन्मला नव्हता. तो परदेशी बाजारातल्या भावफलकावर आणि वीज मंडळाच्या वेळापत्रकात तयार होऊन तिथे आला होता. २००४ मध्ये नैसर्गिक पुराच्या जवळ जाईल असे पाणी धरणांतून सोडण्याचा करार झाला. तो योग्य दिशेने होता. पण पूर आणि वीज यांची ओढाताण त्याने संपली नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले, हा प्रश्न टाळता येणार नाही. प्रत्येक गोष्ट गोऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे झालो तर तो अप्रामाणिकपणा होईल. झिम्बाब्वे १९८० मध्ये स्वतंत्र झाला. ओलीत शेती करण्यावरची मनाई तशीच चालू राहिली. राज्यकर्त्यांचा रंग बदलला, ओलीत वाकलेल्या बाईकडे बघण्याची कचेरीची नजर बदलली नाही. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे या दोन्ही देशांत नवे पाणी कायदे आले. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने काठाच्या मालकीचा हक्क मोडला. पाणी राष्ट्राचे आणि त्यातला पहिला वाटा माणसाच्या मूलभूत गरजेचा आणि नदीच्या स्वतःच्या जगण्याचा, असे ठरवले. हे काम झाले तेव्हा पाणीमंत्री होते कादर अस्माल, भारतीय वंशाचे. १९९४ मध्ये त्या देशात एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांना स्वच्छ पाणी मिळत नव्हते, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे त्या कायद्याचे मोल कळते. पण जमिनीची वाटणी बरीचशी जुनीच राहिली, आणि सिंचनाचे पाणी अजूनही मुख्यतः जुन्या मोठ्या शेतांकडेच जाते.

हरारे शहराचे उदाहरण यापुढे ठेवतो. हे शहर ओलींच्या माथ्यावर वसले आहे. त्यांतून उगम पावणाऱ्या ओढ्यानद्यांचे पाणी चिवेरो तलावात जाते आणि तिथून नळाने शहरात परत येते. तलाव शहराच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणीही त्यातच उतरते. ओल ही या पाण्याची गाळणी. तिच्यावर घरे, कारखाने चढले. २०१३ च्या सुमारास बेल्व्हेडिअर भागात एका ओलीवर मोठा मॉल उभा राहिला. २००२ च्या पर्यावरण कायद्याप्रमाणे ओलीत काही करायचे तर परवाना लागतो. परवान्यासाठी कागद, तज्ज्ञांचा अहवाल, पैसा लागतो. मक्याच्या चार ओळी लावणारी बाई हे कुठून आणणार? तिचे ते अतिक्रमण. गायरान कसणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द नवा नाही. २००८-०९ मध्ये झिम्बाब्वेत पटकीची साथ आली. सुमारे ९८ हजार लोकांना लागण झाली, चार हजारांहून अधिक मेले. बुडिरिरो, ग्लेन व्ह्यू या गरीब वस्त्यांत तिचा मोठा जोर होता. श्रीमंत उपनगरांत लोकांनी बोअर खणले. तेही पाणी ओलींच्याच पोटातले.

मग गरीब माणसाचा दाब अजिबात नाही का? आहे. मच्छरदाणीच्या बारीक जाळीने पिल्ले मासे उपसले जातात. विटांसाठी ओलीतली माती खणली जाते. सोने धुण्यासाठी नदीचे पात्र उलटेपालटे केले जाते. हरारेत ओलीत मका लावताना खत पाण्यात उतरते. पोट रिकामे आहे म्हणून त्याने केलेली घळ घळ राहत नाही असे नव्हे; निसर्गाला दारिद्र्याचा दाखला दाखवता येत नाही. २०२३-२४ च्या दुष्काळाने हा भाग पोळून निघाला, करिबाची पातळी इतकी उतरली की वीजनिर्मिती जवळजवळ ठप्प झाली. अशा वेळी ओल राखली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ओल संपली तर सर्वांत आधी तहानेने मरणार तो गरीबच. श्रीमंताचा बोअर खोल जाईल.

माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. दाब मोजायचा तर वरून मोजला पाहिजे: जमीन कोणी वाटली, पाण्याचा हक्क कोणाच्या नावे लिहिला, धरणाचे दार कोणासाठी उघडते, भाव कोण पाडतो. या सगळ्याच्या शेवटी ओलीत वाकलेली बाई येते. आज मोजणी तिच्यापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते, कारण तिला दंड करणे सोपे असते.

जुलै २०२५ मध्ये पाणथळींच्या संरक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची पंधरावी परिषद झिम्बाब्वेत, व्हिक्टोरिया धबधब्याच्या गावी भरली. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेला हा करार. झिम्बाब्वेने तो २०१३ मध्ये स्वीकारला आणि आपल्या सात जागा त्याच्या यादीत घातल्या. तो धबधबा झांबेझीचाच. तेच पाणी पुढे करिबात साठते आणि त्याच पाण्याखाली टोंगांच्या मळीच्या जमिनी आहेत. संरक्षणाचे नकाशे आता नव्याने आखले जातील, नव्या रेघा मारल्या जातील. त्या रेघा आखताना ओलीत बाग करणाऱ्या बाईला कोणत्या बाजूला धरतात, राखणदार म्हणून की चोर म्हणून, एवढे पाहिले तरी नवा कायदा जुन्यापेक्षा वेगळा आहे की नाही ते कळेल.